फ्रेम सुटल्यावर

(नागपूरच्या इतवारीतली एक माडी. कम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनची एकसुरी टकटक.)

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस इथे कुणाला धड जेवायलाही फुरसत नसते. मंडळांना टी-शर्ट हवेत, छातीवर गोल शिक्का हवा, आणि तोही कालच हवा असतो.

कापड धरून ठेवणाऱ्या फ्रेममध्ये असेपर्यंत शिक्का देखणा दिसतो. फ्रेम सुटली, की खरं काय ते कळतं.

(जवळून : शिक्क्याभोवती चुण्या.)

तळलेल्या पापडासारखं झालंय कापड. आळ येतो टेन्शनवर, म्हणजे दोऱ्याच्या ताणावर. कुणी वरचा स्क्रू पिळतं, कुणी बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा. खरं तर कपडा उलटा करून बघायचा. साटिनच्या, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांच्या पट्टीत बॉबिनचा पांढरा दोरा मधल्या एक तृतीयांश भागात दिसत असेल, तर बिचाऱ्या मशीनचा काही दोष नाही.

घोळ मशीन सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो. फ्रेम लावणाऱ्या ताई नव्या पोरीला सांगतात, “ओढून नको लावू बाई. अन् स्क्रू कसल्यावर तर हातच नको लावू.” टी-शर्टचं लवचीक, होजियरीचं कापड ताणलं, त्या ताणावरच टाके बसले. फ्रेममधून सुटल्यावर कापड मूळ मापावर यायला बघतं, टाके येऊ देत नाहीत. या ओढाताणीत चुणी पडते.

मग येतो कापडाखाली आधाराला लावायचा पेपर. नाव पेपर, पण असतं न विणलेलं कापड. फाडायचा पेपर घट्ट सुती कापडाला चालतो. टी-शर्टखाली मात्र सुई त्याला इतकी भोकं पाडते, की निम्म्या डिझाइनलाच तो जागोजागी फाटतो. होजियरीला कापायचाच पेपर हवा. कडेचा कापून टाकायचा, टाक्यांखालचा कपड्यासोबत जन्मभर राहतो. तो महाग पडतो म्हणून काटकसर करणारे पुढे अख्खा टी-शर्ट भरून देतात!

पंचिंग करणारा, म्हणजे मशीनसाठी डिझाइनचे टाके आखणाराही यात सामील असतो. ४० नंबरच्या दोऱ्याला टाक्यांच्या दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर साधारणपणे पुरतं. भरगच्च दिसावं म्हणून ते ०.३ केलं, की तेवढ्याच जागेत एक तृतीयांश टाके वाढतात. कापडाने जावं कुठे? भरण्याआधी खाली विरळ टाक्यांचा थर हवा, कापड आणि पेपर एकमेकांना धरून ठेवणारा. भरणंही मधून कडेकडे व्हावं. कडेकडून आत आलं, की उरलेला झोळ मध्येच अडकतो.

एक चुणी मात्र इस्त्रीलाही फसवते. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही. गिऱ्हाईक महिन्याने भांडायला येतं.

(गच्ची. दोरीवर एकच टी-शर्ट.)

म्हणून नमुन्याचा पहिला नग बादलीत बुडवून इथे वाळत घातलाय. खाली मंडळाचा पोरगा गाडीवर बसूनच विचारतो, “झालं का जी?”

ताई वरून ओरडतात, “वाळू तर दे!”