श्रद्धेतले काय तपासता येते?

श्रोतेहो, नमस्कार.

देव, कर्म, नवस, ग्रहदशा यांचा निकाल तर्काने किंवा विज्ञानाने लावता येतो का, यावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचा आवाज लगेच चढतो. एक बाजू म्हणते निकाल केव्हाच लागला. दुसरी म्हणते विज्ञानाचा इथे संबंधच काय? या घाईत एक काम राहून जाते. श्रद्धा म्हणून आपण जे बोलतो त्यात बरीच विधाने एकात एक गुंतलेली असतात. ती आधी सोडवावी लागतात आणि प्रत्येकाला विचारावे लागते: हे खोटे असते, तर काय वेगळे दिसले असते?

हे काम नीट कसे करतात ते पाहायला लांब जायला नको. २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली. फलज्योतिष म्हणजे धर्म नव्हे, हे मान्य. पण पूर्वकर्म, साडेसाती, शांत ही साखळी आपल्याकडच्या श्रद्धेत इतकी घट्ट आहे की उदाहरण म्हणून ते चालते.

दावा असा निवडला की जो ज्योतिषी स्वतःच करतात: पत्रिकेवरून बुद्धी कळते. मग २०० जन्मपत्रिका जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या. त्यांची सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारले, यातली हुशार मुलाची कोणती, अक्षम मुलाची कोणती? गट दोनच ठेवले, तेही एकमेकांपासून दूरचे. 'स्वभाव हट्टी पण मनाने प्रेमळ' अशा उत्तराला इथे जागाच नव्हती, कारण असले वर्णन कोणालाही लागू पडते.

पुढचे काम संख्याशास्त्राचे. नाणे उडवून उत्तरे दिली तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येतात. म्हणून यशाची रेघ २८ वर आखली. नुसत्या अंदाजाने २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. ही रेघ आधी आखणे, हा या साऱ्या खटाटोपाचा कणा आहे. निकाल पाहून रेघ आखली, तर ती हवी तिथे सरकते.

२७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत जास्त गुण २४. सरासरी १८.४, म्हणजे ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. आता २४ हा आकडा ऐकून कोणाला वाटेल, त्या एकाला तरी काही कळत असणार. गणित तसे म्हणत नाही. २७ जणांनी डोळे मिटून नाणी उडवली असती, तर तिघाचौघांना २४ किंवा जास्त मिळाले असते.

यावर ठरलेले उत्तर येते, 'शास्त्र खरे आहे, वाचणारे कच्चे.' असे म्हणायला हरकत नाही. मात्र मग पक्का वाचणारा कोण हे चाचणीआधी सांगावे लागते. निकालानंतर दिलेली सबब कोणत्याही निकालाला पुरते. आणि म्हणूनच तिला काही वजन नसते. पण समोरच्या बाजूनेही आपली मर्यादा पाळायला हवी. या चाचणीने 'पत्रिकेवरून बुद्धी कळते' हा दावा पडला. कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागते हा सिद्धान्त, खोटा ठरला किंवा ईश्वर नाही असे ठरले, असा निष्कर्ष त्यातून काढणे हा तर्काचाच अपराध आहे.

हीच पद्धत देवाला लावली तर कुठे अडते, ते अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसले. त्याचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतले हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. एका गटासाठी त्रयस्थ लोक १४ दिवस प्रार्थना करत होते, दुसऱ्यासाठी नव्हते, आपण कोणत्या गटात हे दोघांनाही ठाऊक नव्हते. पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे' असे सांगितले होते. तिथे प्रमाण ५९ टक्के निघाले.

म्हणजे प्रार्थना निष्फळ? नेमलेल्या अनोळखी माणसांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही, एवढेच पक्के म्हणता येते. दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या घरची माणसे काय करत होती, ते कोणी थांबवले नव्हते आणि थांबवणे शक्यही नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की ज्याची प्रार्थना करायची तो स्वेच्छेने वागणारा मानला, तर 'नाही' हेही त्याचे उत्तरच ठरते. कोणताही निकाल ज्या विधानात बसतो, त्याची चाचणी होत नाही. श्रद्धावानाने यात विजय मानू नये. असे विधान खोटे ठरत नाही, तसेच पुराव्याने बळकटही होत नाही.

उरला शुद्ध तर्क. या बाबतीत आपल्या परंपरेइतकी कडक झाडाझडती क्वचितच कोणी घेतली असेल. ईश्वर आहे हे सिद्ध करू पाहणारे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचे, विशेषतः दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी हिरिरीने मांडलेले अनुमान असे: पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, म्हणजे कधीतरी निर्माण झालेली आहेत, आणि जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), दृष्टान्त (उदाहरण), सगळे जागच्या जागी.

घाव कुठे बसला? उदयनांच्या आधीच कुमारिल भट्टांनी दृष्टान्तच उलटवला होता. कुंभाराला शरीर असते, तो नश्वर असतो. त्याच्यावरून जगाचा कर्ता ठरवायचा तर तोही तसाच ठरेल. लक्षात घ्या, कुमारिल वेद प्रमाण मानणारे मीमांसक होते. जगाचा निर्माता नाकारायला नास्तिक असावे लागत नव्हते. दुसरा आक्षेप न्यायदर्शनाच्याच भाषेत, उपाधीचा, म्हणजे लपलेल्या अटीचा. कर्ता असलेली जी जी वस्तू आपण पाहिली, ती देहधारी कर्त्याने केलेली होती. रानातला अंकुर तसा दिसत नाही. म्हणजे 'कार्य तिथे कर्ता' ही व्याप्ती, हा सार्वत्रिक संबंध, बिनशर्त नाही, तिच्यात देहाची अट लपलेली आहे. नैयायिक म्हणतात, देह ही घटापुरती आगंतुक गोष्ट आहे, कर्तृत्वाला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरतात. हा वाद शतकानुशतके चालला. तर्काने निकाल दिला नाही, पण मतभेद नेमका कोणत्या खिळ्यावर लटकला आहे ते दाखवले. आपल्या आजच्या वादांत एवढीही शिस्त दिसत नाही, याची खंत वाटते.

काही दाव्यांना मात्र शतके वाट पाहता येत नाही. मंत्राने सापाचे विष उतरते, हा त्यातला एक. मांत्रिकाकडे नेलेले बरेच लोक खरोखर वाचतात, आणि गावाचा विश्वास त्या अनुभवावर उभा असतो. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही कधी कधी विष न टोचता चावतो. ही माणसे मंत्राविनाही वाचली असती. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असेल, तर उपाय प्रतिविषाच्या इंजेक्शनचा. मण्यारीच्या दंशाची जागा अनेकदा सुजत नाही, दुखतही नाही. 'बरा आहे' म्हणून रात्र मांत्रिकाकडे काढली, की पहाटे श्वास अडखळू लागतो.

२०१३ च्या महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. त्याच कायद्याने यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. तेव्हा साप चावला तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, जखम कापू नका, करकचून बांधू नका, आणि गाडी थेट रुग्णालयाकडे घ्या. कोणाला मंत्र म्हणायचा असेल तर त्याने तो गाडीत बसून म्हणावा.