८० रकान्यांचं भांडण

(पडदा काळा. आधी फक्त आवाज : खटाक्-खट, खटाक्-खट.)

सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा आवाज कशाचा ते सांगावं लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत जा, नाहीतर पूर्व भागातल्या एखाद्या बोळात शिरा, तो भिंतींतून येतो. आमच्या शेजारी यंत्रमाग होते. लहानपणी रात्री आम्हाला जाग यायची ती वीज जाऊन माग बंद पडले की.

(दृश्य : मागाच्या वरून कॅमेरा. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ सरकते आहे.)

आता वर बघा. मागाच्या डोक्यावर बसलंय ते जकार्ड. पुठ्ठ्याची कार्डं दोरीनं एकमेकांना बांधलेली आहेत आणि त्यांची माळ होऊन ती फिरताहेत. एक कार्ड पुढं येतं, क्षणभर थांबतं, सरकतं. समोरून सुया येतात. कार्डावर भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा, म्हणजे हूक, जागेवर राहतो, वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, आकडा निसटतो, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून धोटा जातो. बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडला. पुढचं कार्ड.

भोक आहे किंवा नाही. धागा वर किंवा खाली. तिसरं काही नाही. एवढ्यावरच चादरीवर मोर उभा राहतो, फुलांची वेल चढते. भौगोलिक मानांकन मिळालेली, लग्नात आहेर म्हणून दिली जाणारी सोलापुरी चादर या भोकांतून उतरते.

(दृश्य : आलेखाच्या कागदावर रंगवलेलं फूल, चौकोन चौकोन.)

हा कागद म्हणजे नक्षीचा आराखडा. एक चौकोन म्हणजे एका धाग्याचा एक निर्णय. कागद वाचून कार्डं पाडली जातात. कार्डं पाडणारा वेगळा, माग चालवणारा वेगळा. म्हणजे एकानं लिहिलेलं दुसऱ्याचं यंत्र पाळतं. आज याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकारनं १८०४ मध्ये हे यंत्र उभं केलं. त्याच्याही आधी, १७२५ पासून, तिथले लोक भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीवर आणि मग कार्डांवर खटपट करत होते. जकारनं ते जुळवून चालतं केलं. पुढं या यंत्रावर खुद्द जकारचं रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. त्याची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं स्वतःकडे ठेवली होती, आणि आपल्या गणन-यंत्राला हुकूम देण्यासाठी त्यानं हीच कार्डं निवडली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्या यंत्रावर टिपणं लिहिली. तिचं म्हणणं असं, की जकारचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. मागाजवळ उभं राहून हे वाक्य ऐकावं. आमच्या शहरात ते वेगळं ऐकू येतं.

मग अमेरिकी अभियंता हर्मन हॉलेरिथ. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत त्यानं माणसांची मोजणी कार्डांवर आणली. आणि १९२८ मध्ये आयबीएम कंपनीनं कार्डाचं एक माप ठरवलं : एका कार्डावर ८० रकाने, एका रकान्यात एक अक्षर.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. कोडची एक लांब ओळ उजवीकडे जाते.)

८० हा आकडा तिथून आला. कार्डं गेली. पडदे आले, तेही ८० अक्षरं रुंद. पडदे मोठे झाले, आकडा राहिला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची शैली-पुस्तिका अजूनही ओळ ७९ अक्षरांत संपवायला सांगते. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कोडमध्ये लांब ओळीचा इशारा ८० वर मिळायचा, तो २०२० मध्ये १०० वर नेला. हे साधं वाटतं. पण ओळ ८० ची की १०० ची, सुरुवातीची जागा टॅबनं सोडायची की स्पेसनं, यावर माणसं एकमेकांची अक्कल काढतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

(दृश्य : बंद पडलेल्या माग-शेडवरचा माळा. दोन खिडक्या, सात खुर्च्या.)

ही आमची जागा. खाली पूर्वी माग होते, वर आता आम्ही बसतो. सात जण. चादर-टॉवेलचे छोटे कारखानदार वापरतात असं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवतो : सूत किती आलं, कांड्या किती भरल्या, कुठल्या मागावर किती माल निघाला, आठवड्याची मजुरी, बिल. सगळं एकाच प्रोग्राममध्ये.

आमच्यातला एक जण पुण्याहून, हिंजवडीत सहा वर्षं काढून परत आला. त्याचं म्हणणं, याचे तुकडे करा. सुताचा हिशेब वेगळा, मजुरी वेगळी, बिल वेगळं, सगळे स्वतंत्र चालतील, एकमेकांना निरोप पाठवतील. याला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. सोलापूर कधीच न सोडलेला दुसरा म्हणाला, सात जणांच्या कामाला सात यंत्रणा कोण सांभाळणार? दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ऐकलं कुणीच नाही, कारण हे सगळं मोबाइलवर चाललं होतं.

त्यात २०२३ ची ती बातमी आली. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका चमूनं लिहिलं होतं, की आपण तुकड्यांची रचना सोडून एकसंध रचनेकडे आलो आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. जगभर आग लागली. ‘मायक्रोसर्व्हिस संपलं’ असे मथळे फिरले. आमच्या ग्रुपमध्येही तो मथळा आला, त्याखाली ‘काय बे, आता बोल’ असं आलं, आणि मग दोनशे निरोप. मीही त्यात लिहिलं. मूळ लेख आमच्यातल्या एकानंही उघडला नव्हता. त्यात पूर्ण प्राइम व्हिडिओबद्दल काहीच म्हटलेलं नव्हतं. ध्वनी-चित्राचा दर्जा तपासणारं एक साधन, त्याच्यापुरती ती गोष्ट होती. एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात माहितीची ने-आण महाग पडत होती, ती त्यांनी एका ठिकाणी आणली. आमच्या सूत-मजुरीला त्यातलं काय लागू पडतं, हा प्रश्न दोनशे निरोपांत एकदाही आला नाही.

तो महिना आमच्या कॅमेऱ्यात नाही. एक जण ग्रुपमधून गेला, मग कामातूनही, आणि दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाचं बिलिंग चार दिवस अडलं.

(दृश्य : रिकामी खुर्ची. खिडकीतून ऊन.)

भांडणं या धंद्यात नवी नाहीत. १९६८ च्या मार्चमध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रानं एका नियतकालिकाला पत्र लिहिलं. प्रोग्राममध्ये ‘गो टू’ ही आज्ञा वापरून इकडून तिकडं उड्या मारू नयेत, असा त्याचा मुद्दा. त्यानं मथळा सौम्य दिला होता. संपादक निकलाउस विर्थ यानं तो बदलून ‘गो टू घातक’ अशा अर्थाचा केला. पत्रापेक्षा मथळा जास्त गाजला, आणि अमुक घातक, तमुक घातक अशी लेखांची रांगच लागली. मथळ्यावरून भांडायची सवय तेव्हापासूनची आहे, ती मोबाइलनं लावलेली नाही.

१९९२ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉमनं जाहीर लिहिलं, की लिनक्सची रचना कालबाह्य आहे. सगळं एका गाभ्यात कोंबणं म्हणजे मागं जाणं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स तेव्हा २२ वर्षांचा, हेलसिंकीत शिकणारा. त्यानं तडकून उत्तर दिलं, आणि एक-दोन दिवसांत आपल्या सुराबद्दल माफीही मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही. त्या वादातलं मला आवडतं ते हे : दोघांकडेही चालणारी वस्तू होती. टॅनेनबॉमकडे त्याची स्वतःची प्रणाली मिनिक्स, टोरवाल्ड्सकडे लिनक्स. वाचणारा दोन्ही आपल्या यंत्रावर चालवून बघू शकत होता.

उलट २०१८ घ्या. पायथनमध्ये एक छोटं चिन्ह आणायचं होतं, दोन टिंबं आणि त्याला जोडून बरोबरची खूण. त्यावरून इतकी चिखलफेक झाली की, ते चिन्ह मंजूर केल्यावर जुलै महिन्यात भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसम शेवटचा शब्द देण्याच्या पदावरून बाजूला झाला. जवळजवळ तीस वर्षं वाढवलेलं काम, आणि निमित्त दोन टिंबांचं.

लहान गोष्टीवर जास्त भांडण का होतं, याचं उत्तर १९५७ मध्येच पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं देऊन ठेवलंय. अणुभट्टीचा आराखडा समितीत झटक्यात मंजूर होतो, कारण तो कुणालाच कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र प्रत्येकाला मत असतं. पुढं १९९९ मध्ये फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली बनवणाऱ्या मंडळींत एका फुटकळ आज्ञेवरून रण पेटलं, तेव्हा पॉल-हेनिंग काम्प यानं याच शेडच्या गोष्टीची सगळ्यांना आठवण करून दिली.

(दृश्य : मागावरची चादर, जवळून. फुलाची एक पाकळी तुटलेली.)

हे दृश्य आम्हाला योगायोगानं मिळालं. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी माग चालू असताना चादरीत खोट निघाली. फुलाची एक पाकळी मध्येच तुटलेली. मागावरचे दोघे लगेच हमरीतुमरीवर आले. एक म्हणतो, धागा तुटलाय, कांडीवाल्याला विचारा. दुसरा म्हणतो, वर सुई वाकलीय, मी कधीपासून सांगतोय. आवाज चढले. माग चालू असल्यामुळं तसेही चढवावेच लागतात.

मग मामा आले. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, कारखान्यातलेही. चाळीस वर्षं जकार्डवर. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत जातात. त्यांनी पहिल्यांदा माग थांबवला.

(दृश्य : शांतता. मामांची बोटं कापडावर.)

त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. कापड पुढं ओढलं. पहिल्या फुलावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाकळी प्रत्येक फुलात तुटलेली, आणि नेमकी एकाच जागी.

‘सुई वाकली असती तर उभी रेघ आली असती रे, वरपासून खालपर्यंत. धागा तुटला तरी तेच. ही फुलाफुलाला येतीय. कार्ड बघा.’

एवढंच बोलले. मग कापडावरच्या ओळी मोजल्या, फुलाच्या देठापासून पाकळीपर्यंत. मग वर चढून कार्डं मोजली. ते कार्ड हातात धरून खिडकीच्या उजेडासमोर केलं. एका जागी भोक पाडायचंच राहून गेलेलं. मघाशी ओरडणारे दोघे त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाकून बघताहेत. कोण बरोबर होतं, हा विषय तिथं निघालाच नाही. कापड पुढ्यात पडलं होतं, त्यामुळं एकमेकांकडे बघायची गरज उरली नव्हती.

आमचे दोघे, पुण्याहून आलेला आणि सोलापूर न सोडलेला, त्या वेळी कॅमेऱ्याच्या मागं उभे होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच शेजारी शेजारी.

(दृश्य : रविवार. माळ्यावरचं टेबल. छापलेले कागद, चहाचे ग्लास, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा.)

त्यानंतर आम्ही रविवारी बसायला लागलो. नियम एकच : ज्यावर बोलायचं ती गोष्ट टेबलावर पाहिजे. कोड असेल तर छापून. बातमी असेल तर मूळ लेख, अख्खा, मोठ्यानं वाचून. कारखानदाराची तक्रार असेल तर त्याची वही. भांडण बंद झालेलं नाही, होऊही नये. गेल्या महिन्यात मजुरीच्या हिशेबावरून बैठक तीन तास चालली, आवाज खाली रस्त्यावर गेला. पण बोटं कागदावर होती.

(दृश्य : एक वही, तारीख घातलेली पानं.)

आणि ही वही. काय ठरलं, का ठरलं, काय नाकारलं आणि त्याचं कारण काय, ते लिहून ठेवायचं. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअरवाल्यानं २०११ मध्ये ही पद्धत मांडली, एका निर्णयाला एक छोटं टिपण. सॉफ्टवेअरवाले ती कोडच्या शेजारी फाइलमध्ये ठेवतात, आम्ही तसंही ठेवतो. पण वहीत हातानं लिहिताना माणूस शब्द जपून वापरतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्याच पानावर आहे : सुताचा हिशेब आणि बिल एकत्रच राहील, कारण बिल करताना शिल्लक सूत त्याच क्षणी कळावं लागतं. खाली दोघांच्या सह्या. ज्यानं दोन वर्षं तुकड्यांचा आग्रह धरला, त्याचीही.

(दृश्य : मामा कार्डावर खूण करतात, भोक पाडतात. पुठ्ठ्याचा वाटोळा तुकडा फरशीवर पडतो.)

मामांनी कार्ड माळेत परत ओवलं. दोरी ओढून गाठ मारली. ओरडणाऱ्या दोघांपैकी एकानं बटण दाबलं.

(आवाज : खटाक्-खट, खटाक्-खट.)

पुढच्या रविवारी मजुरीचा भाग वेगळा काढायचा की नाही, ते ठरायचं आहे. जो काम सोडून गेला होता, त्यालाही निरोप गेलाय. त्यानं लिहिलेलं मजुरीचं कोड छापून टेबलावर ठेवलंय, बावीस पानं.

(दृश्य : चादर हळूहळू पुढं सरकते. फूल, पूर्ण पाकळ्यांचं.)