भायखळ्याचा काळा हत्ती

(दृश्य : राणीची बाग. शाळेच्या गाड्यांतून उतरणारी मुलं.)

राणीच्या बागेत आलेली मुलं आधी पेंग्विनकडे पळतात. पळू देत. पण बागेच्या फाटकालगतच एक देखणी जुनी इमारत आहे आणि तिच्या अंगणात, झाडांच्या सावलीत, एक काळा हत्ती उभा आहे. परत जाताना तरी त्याच्यापाशी थांबायला हवं.

(दृश्य : दगडी हत्ती. पाठीवरून सरकणारा कॅमेरा. जोड.)

जवळून पाहा. पाठीवर, पोटाशी, मानेला जोड दिसतात.

हा हत्ती घारापुरीचा. गेटवेवरून लाँचने तासाभराचं अंतर. बेटाच्या दक्षिण टोकाला, जुन्या धक्क्याजवळ, एका अखंड काळ्या खडकातून तो कोरलेला होता. होडी किनाऱ्याला लागली की आधी दिसायचा तोच. पोर्तुगीज आले आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. जगाला तेच नाव पाठ झालं. घारापुरी हे नाव टिकवलं ते बेटावर राहणाऱ्यांनी.

1814 साली हत्तीचं डोकं मानेसकट गळून पडलं. पुढे धडही कोसळलं. 1864 मध्ये त्याला बेटावरून हलवलं. इंग्लंडला न्यायचा घाट होता, पण उचलताना क्रेनच मोडली, असं सांगतात. तुकडे भायखळ्याला आले. ते जुळवून हत्ती पुन्हा पायांवर उभा राहिला 1914 मध्ये. पन्नास वर्षांनी! हे जोड त्या कामाचे आहेत. कुणीतरी दगडाला दगड लावून पाहिला असेल, हा कानाचा की पायाचा म्हणून. त्या हातांची आठवण ठेवावी असं फार वाटतं.

(दृश्य : संग्रहालयाचं दार. आतले लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, छत.)

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सर्वांत जुनं. 2 मे 1872 रोजी ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. ते उभं राहावं म्हणून झटलेल्यांत नाना शंकरशेट होते, आणि भाऊ दाजी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे अभ्यासक. इमारतीला त्यांचं नाव मिळालं 1975 साली. पुढे वास्तूची रया गेली होती. 2003 ते 2008 या काळात महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती पुन्हा उजळली.

(दृश्य : वरचा मजला. मातीच्या प्रतिकृती, पगड्या, शिडाच्या होड्या.)

वरच्या मजल्यावर मुंबईची माणसं आहेत, वीतभर उंचीची. कुणाची पगडी कशी, लुगडं कसं नेसलंय, हे पाहत सावकाश फिरायचं.

(दृश्य : सात बेटांचा नकाशा. शाळकरी मुलीचं बोट.)

आणि हा नकाशा. मुंबई, कुलाबा, धाकटं कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधे समुद्र. 1661 च्या करारात ही बेटं पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे. इथल्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही. मुंबादेवी त्यांची, मासळी त्यांची, शहराला नाव मिळालं तेही त्यांच्या देवीचं.

महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत घुसायचं, अगदी उमरखाडीपर्यंत. नावातच खाडी आहे. पायधुणीला खाडी ओलांडून आलेला माणूस पाय धुवायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी गव्हर्नर असताना ते खिंडार बुजवायचं काम निघालं. बांध घालावा आणि तो ढासळावा, असं चाललेलं. दंतकथा अशी की रामजी शिवजी प्रभू नावाच्या कंत्राटदाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या, मग बांध टिकला. त्याच बांधावरून आज आपण हाजी अलीला जातो. भायखळा, ताडदेव, कामाठीपुऱ्याची सखल जमीन कोरडी झाली ती त्यानंतर. पुढे कुलाबा आणि माहीमचे रस्ते झाले, बेटं जमिनीत मिसळली.

(दृश्य : वरळी कोळीवाडा. होड्या, मागे सागरी मार्गाचे खांब.)

होड्यांना वाट हवी म्हणून वरळीच्या कोळ्यांनी सागरी मार्गाच्या, म्हणजे कोस्टल रोडच्या, खांबांमधलं अंतर 60 मीटरऐवजी 120 मीटर करून घेतलं.

(दृश्य : पुन्हा नकाशा.)

मुलगी ताडदेवला राहते. बोट मुंबईवरून वर सरकतं, वरळीच्या दिशेने. मधे निळ्या रंगावर येऊन थांबतं.

"इथे आमचं घर?"

(दृश्य : बोट. निळा रंग. निवेदन नाही.)