आधी माती, मग टोमॅटो

(सुरुवात: कुंडी उलटी करतानाचा शॉट. आठ सेकंद निवेदन नाही.)

ही पांढरी जाळी दिसतेय ना, ती टोमॅटोची मुळं आहेत. झाडाचे दिवस भरले, कुंडी उलटी केली आणि हे असं अख्खं बाहेर आलं, अगदी कुंडीच्याच आकाराचं. वर झाड छातीएवढं झालं होतं, त्याचे फोटो सगळ्यांनी काढले, पण ते उभं होतं ते ह्याच्या जिवावर. म्हणून आपण खालूनच सुरुवात करूया.

बाल्कनीत भाजी लावायची ठरलं की आधी बिया येतात, मग कुंड्या, आणि माती सगळ्यात शेवटी, मिळेल तिथून पिशवी भरून. तिथेच गडबड होते. जमिनीत झाड मुळं लांबवर नेऊन आपलं आपण शोधून खातं, इथे त्याला पाणी, हवा, खाणं, जे काय ते ह्या एवढ्याशा डब्यातच. नुसती बागेतली माती भरली तर थोड्याच दिवसांत ती पाण्याने दबून घट्ट होते आणि पाणी एकतर वर साचतं नाहीतर कडेकडेने निसटून जातं. वजनाचं वेगळंच, ओली माती लिटरला दीड किलोच्याही पुढे भरते, म्हणजे २० लिटरची एक कुंडी ३० किलो झाली, आणि अशा दहा कुंड्या कठड्याला लावून ठेवायच्या म्हणजे बाल्कनीवर उगाच भार.

आता ही कोकोपीटची वीट बघा. नारळाच्या सोडणाचा दाबून बसवलेला भुसा. ५ किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून ६० लिटरच्या वर जाते, इथे व्हिडिओ पळवलाय, एरवी थोडा धीर धरावा लागतो. फुगल्यावर एकदोनदा धुवून पिळून घ्यायची, कारण त्यात क्षार असू शकतात. मग एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा कंपोस्ट. मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचलं की फुटायला हवा, हा शॉट मुद्दाम दोनदा ठेवलाय.

आणि एक, तळाला खड्यांचा थर नको. भोकं मोकळी हवीत एवढंच. बारीक मातीतून पाणी खड्यांत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून बसतं, म्हणजे खडे घालून आपण चिखल मुळांच्या अजून जवळ आणतो. वर्षानुवर्षं सगळेच सांगत आलेत खडे घाला म्हणून, पण खरंच नका घालू.

(कंपोस्टचा डबा, झाकण उघडताना.)

आता ह्या सगळ्याचं मूळ. भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, ह्यात नायट्रोजन भरपूर. वाळक्या पानांत कार्बन. जिवाणूंना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो, तो हिशोब घरी कोण करत बसणार, त्यामुळे एक डबा ओलं तर दोन डबे वाळकी पानं, एवढं लक्षात ठेवलं तरी जमतं. डब्याला कडेने भोकं, चार दिवसांनी एकदा वरखाली करायचं. वास आला तर समजा हवा कमी पडतेय आणि पाणी जास्त झालंय, अजून पानं घाला आणि हलवा, वास जातो. हे पांढरं कापसासारखं दिसतंय ती बुरशी, अनेक जण ती बघून घाबरून डबाच फेकून देतात, पण तीच तर देठातला चिवट भाग खाऊन मऊ करते, तिला राहू द्या.

(पहिला आठवडा, चौथा, सातवा, दहावा. त्याच जागेवरून.)

दोनतीन महिने लागतात. डबा भरून टाकलेलं निम्म्याच्याही खाली बसतं, सालं ओळखू येईनाशी होतात, रंग गडद तपकिरी. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तोच ह्याला येतो, कारण तो वास तयार करणारे जिवाणू इथेही असतात. चाळणीतून उरलेलं जाडंभरडं परत डब्यात.

लावायचं काय हे उन्हावर. टोमॅटो, मिरचीला रोज ६ ते ८ तास थेट ऊन हवं, पालक, कोथिंबीर, पुदिना ३-४ तासांवर भागवतात. आपल्या बाल्कनीत ऊन कधी येतं कधी जातं ते दोनतीन दिवस नुसतं बघा.

धणा हातावर रगडून दोन फाकी होताना दिसतोय, एका धण्यात दोन बिया असतात. कोथिंबीर जिथे पेरली तिथेच वाढू द्यायची, तिचं सोटमूळ उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. पुदिन्याची काडी मात्र नुसत्या पाण्यात ठेवली तरी ही अशी मुळं फुटतात, फक्त तिला वेगळी कुंडी द्या, नाहीतर ती शेजाऱ्याची जागा गिळते.

टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून अर्धं खोड मातीत गाडलंय, चूक नाहीये ती, गाडलेल्या खोडाला नवीन मुळं फुटतात. सुरुवातीला पाहिली ती जाळी त्यातूनच झालेली. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला आणि तळातून बाहेर येईपर्यंत घाला. कधी पूर आणि कधी दुष्काळ असं केलं की झाडाला कॅल्शियम नीट मिळत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं.

(मावा आणि लेडीबर्डची अळी, क्लोजअप. सात सेकंद गप्प.)

ही काटेरी अळी मारू नका, मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी ही बारीक कीड, खाणारी तीच.

फुलं आल्यावर सकाळी झुपका हलकेच टिचकीने हलवायचा, पराग त्याच फुलात पडतो. रोप लावल्यापासून अडीच महिन्यांच्या आसपास तोडणी, कोथिंबीर त्याच्या कितीतरी आधी.

(तोडणी. टोपली. फक्त आवाज.)

ह्या मातीत लगेच परत टोमॅटो किंवा मिरची नको, दोघं एकाच कुळातले, दुखणी पण तीच. पालक टाका, घेवडा टाका. मुळं झटकून, मोडून, नवीन कंपोस्टची भर घालून माती पुन्हा कुंडीत. झाडावर रोग नव्हता, म्हणून त्याचे बोटभर तुकडे करून ते डब्यात चाललेत, वरून दोन ओंजळी वाळकी पानं.

(झाकण लागतं.)