घरचा सर्व्हर : आवाज आणि उष्णता मुळाशीच कमी करू या

मंडळी, घरात सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारा, कायम चालू असणारा कॉम्प्युटर, आपण कशासाठी ठेवतो? आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या दिंडीचे फोटो, मराठी शाळेच्या जुन्या वार्षिकांचे स्कॅन. सीमाभागात हे जपणारी घरं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आस्था आहे. पण तो डबा सोप्यात रात्रंदिवस घरघरत राहिला, की आधी कौतुक होतं, मग कुरकुर सुरू होते आणि एका रात्री कुणीतरी वैतागून स्विच बंद करतं. रात्रीचा बॅकअप, म्हणजे फायलींची दुसरी प्रत घेणं, तिथंच चुकतो. आवाज करणारा सर्व्हर घरात टिकत नाही, म्हणून हा विषय मला चैनीचा वाटत नाही.

आधी उष्णता, कारण आवाज बहुतेक तिच्यापायीच होतो. सर्व्हर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन खोलीतच येते. 60 वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला 1.44 युनिट, महिन्याला सुमारे 43 युनिट. ती उष्णता बाहेर काढायला फॅन लागतो आणि फॅन आला की आवाज आला. तेव्हा नवा फॅन आणण्याआधी पेटी उघडून बघा : कशाची गरज नाही? जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला असेल तर ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरच्या चित्रांसाठीचा वेगळा भाग) पहिलं काढा. साडेतीन इंची, 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेरे घेणारी) हार्ड डिस्क, म्हणजे फायली साठवणारी तबकडी, नुसती फिरत असली तरी साधारण पाच ते आठ वॉट घेते. म्हणून जुन्या छोट्या सहा डिस्क जमवण्यापेक्षा मोठ्या दोन घ्या, एकीची प्रत दुसरीवर ठेवा. खर्च होतो, पण माझ्या मते पैसे घालावेत ते इथंच.

आता फॅन. त्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलनं उतरतो. आणि दहा डेसिबल उतरले की आपल्या कानाला आवाज जवळपास अर्धा वाटतो. शिवाय आठ सेंटिमीटरचा फॅन 2400 आरपीएमला जेवढी हवा ढकलतो, साधारण तेवढीच बारा सेंटिमीटरचा 700-800 ला ढकलतो. मोठा फॅन, कमी वेग, चार पिनांचा, म्हणजे तापमानाप्रमाणे वेग कमीजास्त होतो. आणि ती हवा डिस्कच्या मधूनच गेली पाहिजे. बाजूच्या जाळ्या उघड्या असल्या तर हवा सोपी वाट धरते आणि डिस्क तापतच राहतात. त्या जाळ्या जाड पुठ्ठ्यानं बंद करा, दोन डिस्कमध्ये बोटभर फट ठेवा.

पण फॅन हळू केला तरी एक घुमणारा आवाज उरतो. तो डिस्कचा. 7200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेरे. ती थरथर स्क्रूमधून पत्र्यात उतरते, पत्र्यातून फळीत, फळीतून भिंतीत. दोन डिस्कचा वेग केसभर वेगळा असला तर गुणगुण चढते, उतरते, पुन्हा चढते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या या मुलखात तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की काय ऐकू येतं, हे सांगायला नको. इथं नेमकं तेच होतं. रात्री घर शांत झालं की कॅबिनेटवर तळवा दाबा. आवाज दबला, तर दोष त्या पत्र्याचा. मग सर्व्हर उचलून जाड उशीवर ठेवा, हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवून, मिनिटभरच. घुमणं थांबलं तर फळी साथ देत होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना उपाय ठाऊकच आहे : कॉम्प्रेसरखाली रबर माउंट घालतात ते उगीच नाही. डिस्कच्या स्क्रूखाली मऊ रबरी वॉशर, कॅबिनेटखाली रबरी पाय. स्क्रू घट्ट आवळले तर रबर चेपतं आणि काम करत नाही, हाताला जेमतेम लागेपर्यंतच फिरवा.

थरथर डिस्कलाही सोसत नाही. 2016च्या सप्टेंबरात बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू होती. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजानंच कितीतरी डिस्क निकामी झाल्या.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. कपाटात कोंडू नका. आवाज दबतो, पण तीच गरम हवा आत फिरते, फॅन वेग घेतो आणि शेवटी आवाज जास्तच होतो. कौलांखालचा माळाही नको. एप्रिलच्या दुपारी तिथं माणूस बसू शकत नाही, डिस्क काय बसेल! माजघरातली उन्हापासून लांबची, जमिनीपासून फूटभर उंच जागा उत्तम. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी राहत असाल तर हवा आत येते तिथं जाळी लावा आणि दर महिन्याला धुवा. खानापूरकडच्या पावसात ओल येते, तिथं मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा चालू असलेलं बरं. चालू डिस्क आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडी गरम राहते, तिच्यावर पाणी धरत नाही.

तापमान किती चालेल? बहुतेक कंपन्या 60 ते 65 अंशांपर्यंत मुभा देतात, पण मी तिथवर जाऊ देत नाही. 30 ते 45 मध्ये ठेवतो. त्याहून गार करण्याचा हट्टही नको. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात फार गार ठेवलेल्या डिस्क जास्त टिकल्याचं दिसलं नाही.

तेव्हा फॅन किती हळू करायचा, ते असं ठरवा. एप्रिल-मेमधली वळवाआधीची तापलेली दुपार निवडा. सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातील अशी तपासणी लावा, कारण डिस्क सर्वांत जास्त तापतात त्या तेव्हाच. फॅन पायरीपायरीनं खाली आणा, दर पायरीला तासभर थांबा, स्मार्टमधलं (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतलं) तापमान बघा. सर्वांत तापलेली डिस्क 45 ला पोचली की एक पायरी वर जा आणि फॅनचा कमीत कमी वेग तिथंच बांधून टाका.