नाव आधी, खेळ नंतर: हॅरिसन बार्न्सचे पहिले वर्ष

नोव्हेंबर 2009. अमेरिकेतील आयोवा राज्यात, एम्स या गावी शालेय बास्केटबॉल खेळणाऱ्या हॅरिसन बार्न्सने आपण कोणत्या विद्यापीठात जाणार हे जाहीर केले, ते चक्क स्काइपवरून. संगणकाच्या पडद्यावर पलीकडे नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक रॉय विल्यम्स होते. या मुलाचे मधले नाव जॉर्डन, मायकेल जॉर्डनवरून ठेवलेले. आणि जॉर्डनही कधीकाळी याच विद्यापीठाकडून खेळलेला. चाहत्यांना आणखी काय हवे होते?

शाळकरी खेळाडूंच्या क्रमवाऱ्या मुख्यतः उन्हाळी स्पर्धा पाहणारे निरीक्षक ठरवतात. मुलाची उंची, उडी, चपळाई आणि नेम त्यांना तिथे अचूक दिसतात. पण वयाने आणि ताकदीने मोठ्या खेळाडूंनी कोंडी केल्यावर, चेंडू हवा तिथे आणि हवा तेव्हा मिळत नसताना तो काय करील, याचा अंदाज तेवढ्यावरून बांधता येत नाही. त्यात 2006 पासून एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, वार्षिक खेळाडू-निवडीसाठी वयाची 19 वर्षे आणि शाळा सोडून एक वर्ष झाल्याची अट आली, आणि अव्वल खेळाडूने जे काही दाखवायचे ते त्या एका वर्षातच दाखवावे, अशी समजूत रूढ झाली.

2010-11 चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या अखिल अमेरिकी संघात, म्हणजे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या मानाच्या यादीत, बार्न्सची निवड झाली. विद्यापीठात पहिलेच वर्ष असलेल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीही मिळाला नव्हता. महाविद्यालयीन सामन्यात एकही बास्केट न केलेल्या मुलाला पत्रकारांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवले होते, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये. शिवाय आदल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाला महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्थानच मिळाले नव्हते. त्या निराशेची भरपाईही त्यानेच करावी, असा सूर होता.

पहिल्या सात सामन्यांपैकी तीन संघाने गमावले. बार्न्सचे नेम चुकत होते आणि कौतुकाची जागा कुजबुजीने घेतली. जानेवारीत जॉर्जिया टेककडून 78-58 असा पराभव झाल्यावर विल्यम्स यांनी पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूची, जागा केंडल मार्शल या नवख्या खेळाडूकडे सोपवली, आणि खरा फरक तिथे पडला. मार्शल चेंडू फार काळ हातात ठेवत नसे. प्रतिस्पर्धी बचावासाठी परतण्याआधीच तो चेंडू पुढच्या साथीदाराकडे पोहोचवत असे. बार्न्स हा मुळात चेंडू घेऊन वाट काढणारा नव्हे, तर चेंडू मिळताच नेम साधणारा खेळाडू. मार्चमध्ये फ्लोरिडा स्टेटविरुद्ध त्याने अखेरच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट करून 72-70 असा विजय मिळवून दिला, आणि त्यानंतर काहीच दिवसांनी एसीसी या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठ-गटाच्या स्पर्धेतील उपांत्य सामन्यात क्लेमसनविरुद्ध 40 गुण केले. हंगामाची त्याची सरासरी 15.7 गुणांची ठरली. पहिल्या वर्षाच्या कोणत्याही खेळाडूला अभिमान वाटावा असा हा आकडा. पण त्याला जोखले जात होते ते नावाभोवतीच्या गाजावाजाशी.

एनबीएचे दार उघडे असूनही तो आणखी एक वर्ष थांबला. मार्च 2012 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतील क्रेटनविरुद्धच्या सामन्यात मार्शलच्या मनगटाचे हाड मोडले. त्याच्याविना खेळलेल्या पुढच्या दोन सामन्यांत बार्न्सचे 30 पैकी केवळ 8 नेम लागले आणि कॅन्सासकडून हरून संघ बाहेर पडला. टीकाकारांना त्यात दडपणाखाली कोसळणारा तारा दिसला. आम्हाला मात्र त्यात ज्याच्या हातून चेंडू यायचा तो साथीदारच गमावलेला एक चांगला खेळाडू दिसतो.

त्याच वर्षी एनबीएच्या खेळाडू-निवडीत गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. 2015 मध्ये हा संघ एनबीएचा विजेता ठरला, तेव्हा बार्न्स सुरुवातीच्या पाच खेळाडूंमध्ये होता. गुणांचा मुख्य भार तिथे स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन वाहत होते, आणि सामन्यामागे दहाच्या आसपास गुण करणाऱ्या बार्न्सकडून त्याहून अधिक कुणी मागतही नव्हते.