गाळाची वेळ

(दृश्य : पुण्यातल्या सिंहगड रस्त्यालगतची एक सोसायटी. सकाळचे सात. आभाळ भरलेलं, पण पाऊस थांबलेला.)

मुठा नदीचं पाणी काल दुपारी या गल्लीतून ओसरलं. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला त्याची तपकिरी रेघ राहिली आहे. खाली, फाटकापासून मागच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत, सहा इंच गाळ. त्यात एक चप्पल, कुंडीचा तुकडा, कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली समई.

फाटकाबाहेर एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे. चोवीस हॉर्सपॉवरचा, रुंदीला चार फुटांच्या आत, फोर व्हील ड्राइव्ह. पुढे लोडरची बकेट, मागे लेव्हलिंगचं पातं. ट्रॅक्टरवाले दादा मात्र अजून खाली उतरून गाळाशीच बोलताहेत. वाकून मूठभर गाळ उचलला, दाबला. तो बोटांच्या फटींतून बाहेर आला. हात झटकून ते म्हणाले, "अजून नाय. पाणी निथळू द्या."

सोसायटीतली माणसं अस्वस्थ आहेत, आणि ते साहजिक आहे. रात्रभर कुणी झोपलेलं नाही. पण दादांना आज घाई करायची नाही. ही फिल्म त्यांच्या या थांबण्याविषयी आहे.

(दृश्य : डोंगरउताराची भातखाचरं. लोखंडी चाकांचा तोच ट्रॅक्टर चिखलात फिरतो आहे.)

तीन दिवसांपूर्वी आम्ही त्यांना भेटलो ते सिंहगडाच्या पायथ्याशी, त्यांच्या खाचरात. जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस. ट्रॅक्टरची रबरी मागची चाकं काढून तिथे लोखंडी केज व्हील बसवलेली, मागे रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार. खाचरात पाणी बांधून घ्यायचं आणि माती घुसळत राहायचं, लोण्यासारखी होईपर्यंत. याला चिखलणी म्हणतात. चिखलणी नीट झाली की खालचा थर दाबला जातो, पाणी चटकन मुरत नाही आणि रोपाची मुळं मऊ जागी बसतात.

चिखल घडवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच शहरातला चिखल काढायला बोलवावं, ही कल्पना सोसायटीतल्या एका काकूंची. त्यांचं माहेर सांगलीचं. पूर त्यांनी लहानपणीच पाहिलेला. काल पाणी उतरत असताना त्याच वाहत्या पाण्यात खराट्याने घरातला गाळ ढवळून बाहेर लोटायला त्यांनीच सगळ्यांना लावलं. पाणी गेल्यावर तोच गाळ फरशीला धरून बसतो, मग बादल्यांनी पाणी ओतूनही हलत नाही. ज्यांनी ऐकलं, त्यांची घरं आज जवळपास स्वच्छ आहेत.

(दृश्य : जुनी पेठ, दगडी जोतं. कॅमेरा संथपणे वर सरकतो.)

पुण्याला गाळ नवा नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. तेव्हा घमेली, फावडी आणि माणसांचे हात होते, मदतीला लष्कराचे जवान होते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने घरं-गाड्या ओढून नेल्या. आणि 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं.

त्याच दिवशी ही गल्लीही बुडाली होती. तेव्हा इथल्या रहिवाशांनी मोठा जेसीबी मागवला होता. सात टनांहून जड यंत्र. कमानीखालून ते कसंबसं आत आलं, वळायला जागा मिळाली नाही, पेव्हर ब्लॉक उखडले, चेंबरची दोन झाकणं फुटली. चालकाचा काही दोष नव्हता. यंत्र त्या जागेसाठी नव्हतंच.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर पांढराशुभ्र रस्ता. एक छोटा ट्रॅक्टर बर्फ ढकलतो आहे.)

काकूंची लेक अमेरिकेत, मिनेसोटात राहते. तिच्या घराच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत शंभर फुटांचा रस्ता आहे, आणि हिवाळ्यात तो मोकळा करायला तिच्याकडे असाच छोटा ट्रॅक्टर. पुढे बकेट, मागे पातं, बर्फ फार असेल तर इंजिनाच्या पीटीओवर, म्हणजे अवजाराला फिरकी देणाऱ्या दांड्यावर, चालणारा ब्लोअर, जो बर्फ उचलून लांब फेकतो. तिने आईला व्हिडिओ पाठवला आणि आईने सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला. तिथून हे सुरू झालं.

लेकीने फोनवर सांगितलेल्या गोष्टी दादांनी फार लक्ष देऊन ऐकल्या. ताजा बर्फ हलका असतो, तेव्हाच काढायचा. गाडीची चाकं त्यावरून गेली, किंवा दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठला, की पात्याला दाद देत नाही. पहिल्याच बर्फाचा ढीग रस्त्यापासून लांब लोटायचा, कारण पुढच्या ढिगांना जागा लागते. आणि हिवाळ्याआधी रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या, म्हणजे सगळं पांढरं झाल्यावरही कड कुठे ते कळतं.

ती शेवटची गोष्ट दादांनी उचलली. आज गल्लीत चेंबरच्या प्रत्येक झाकणाशेजारी बांबू उभा आहे, वर लाल फडक्याची चिंधी. पाणी चढण्याआधीच वॉचमनमामांनी ते झाकणांजवळच्या खांबांना आणि कठड्यांना बांधून उभे केले होते. गाळाखाली उंचवटा कुठे लपलाय, हे आता पात्याला आधी कळतं.

पण बर्फ आणि गाळ यांत एक फरक फार मोठा आहे, तो वजनाचा. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद रस्त्यावर फूटभर भुसभुशीत बर्फ पडला, तर तो साधारण तीन टन भरतो. त्याच मापाच्या रस्त्यावर ओला गाळ फक्त सहा इंच असला, तरी चोवीस टनांच्या आसपास. वीस किलोचं घमेलं धरलं तर बाराशे घमेली. मागच्या वेळी ती इथल्या माणसांनी वाहिली. सत्तरीतल्या आजोबांनीसुद्धा.

आणि बर्फ उन्हाळ्यात आपोआप जातो. गाळ ढीग करून ठेवला तर पुढच्या सरीला तो पुन्हा जिन्यात येतो.

(दृश्य : दुपारचे बारा. उघडीप. दादा पुन्हा वाकतात.)

पुन्हा मूठ. या वेळी गोळा वळला, बोटांचे ठसे त्यावर उमटले. त्यांनी तो पायाशी टाकला. फुटला नाही, नुसता चपटा झाला.

"पेरायला वाफसा बघतो तवा गोळा फुटाया पायजे," ते म्हणाले. वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल. "हितं न फुटलेला बरा. फुटाया लागला म्हंजी वाळला, मग फरशी धरतो."

इंजिन सुरू झालं.

(दृश्य : बकेट गाळाखाली सरकते. फक्त यंत्राचा आवाज.)

पाहा, बकेट ते जमिनीवर दाबत नाहीत. लिव्हर फ्लोटवर आहे, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे स्वतःच वरखाली होते. लो गिअर, चालण्याचा वेग. बकेट भरली की गुडघ्याच्या खालीच ठेवून न्यायची, कारण वजन जितकं वर, तितका ट्रॅक्टर कलंडायची भीती जास्त. पुढे दोनशे किलो आलं की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजार उचलणाऱ्या जोडणीवर, लटकलेलं पातं या वेळी प्रतिवजनाचं काम करतं.

भरलेली बकेट ट्रॉलीत रिकामी. पुन्हा आत. शंभराहून जास्त खेपा होतील.

चार वाजता मागच्या पात्याची पाळी आली. या ट्रॅक्टरची लिफ्ट पातं उचलते, पण खाली दाबत नाही. ते स्वतःच्या वजनानेच टेकतं. कडेला गाळ जरा सुकला होता, तिथे पातं वरून घसरू लागलं. दादांनी वाळूची दोन पोती पात्याच्या चौकटीवर बांधली. पात्याच्या खालच्या धारेला त्यांनी जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी बोल्टने बसवली आहे, त्यामुळे पेव्हर ब्लॉकची कड उचकटत नाही. पातं तिरकं लावलं की गाळ एका बाजूला ओळीने जमा होतो, पेरलेल्या तासासारखा सरळ.

एका तरुणाने ती ओळ पावसाळी गटाराच्या जाळीकडे लोटायला फावडं घेतलं. काकूंनी त्याला जागेवर थांबवलं. "अरे बाळा, तिथे गेला की तुंबतं, आणि पुढच्या पावसात पाणी आपल्याच दारात." त्याने फावडं फिरवलं.

गमबूट आणि हातमोजे सगळ्यांच्या हातापायांत आहेत. या गाळात ड्रेनेजचं पाणी मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका. काल ज्यांच्या पायाला काच लागली, त्यांना काकूंनी सकाळीच दवाखान्यात पाठवलं होतं.

आम्ही दादांना विचारलं, हा गाळ तुमच्या शेतात नेणार का? धरणातला गाळ शेतकरी आनंदाने नेतात, राज्यात त्यासाठी योजनाही आहे. ट्रॉलीतल्या ढिगातून त्यांनी एक बाटलीची काच आणि प्लास्टिकची पिशवी ओढून काढली.

"ह्याच्यात उद्या बैलाचा पाय चिरंल. माझ्या खाचरात नाय."

ट्रॉल्या राडारोड्याच्या ठरलेल्या जागी गेल्या.

(दृश्य : संध्याकाळ. ट्रॅक्टरमागे आता फवारणीची टाकी.)

शेवटचं काम धुण्याचं. एरवी औषध फवारणारा जोरदार दाबाचा एचटीपी पंप पीटीओवर चढला, टाकीत बोअरचं पाणी. पाण्याचा जोर लागताच ब्लॉकमधल्या फटींतून तपकिरी ओघळ निघाले आणि मग एकेका ब्लॉकचा लाल रंग दिसू लागला. मुलं कठड्यावर बसून बघत होती. सकाळी गाळात दिसलेली समई काकूंनी धुऊन दोन दिवस बंद असलेल्या वॉचमनमामांच्या खोलीच्या कोनाड्यात ठेवली, कुणाची आहे ते कळेपर्यंत.

चहा झाला. दादांनी पैसे मोजून खिशात ठेवले आणि आभाळाकडे पाहिलं. उद्या पहाटे लावणीला बाया येणार आहेत, एक खाचर चिखलणीचं राहिलंय.

(दृश्य : रात्र. गोठ्यातला दिवा. जॅकवर उचललेला ट्रॅक्टर.)

रबरी चाकं उतरली. लोखंडी चाकं चढली. चौथा नट आवळताना पुन्हा पाऊस सुरू झाला.